शर्यत संपल्यानंतर

मैदानी खेळांतील विजय काही सेकंदांचा, फार तर दोन-अडीच तासांचा असतो; विजेत्याचे आयुष्य मात्र त्यानंतरही चालूच राहते. धावपटूची शारीरिक क्षमता साधारणतः पंचविशी-तिशीच्या सुमारास पराकोटीला पोहोचते. इतर व्यवसायांतील माणसे ज्या वयात जम बसवू लागतात, त्याच वयात खेळाडूला निवृत्तीचा विचार करावा लागतो. पुढील तीस-चाळीस वर्षांच्या चरितार्थाचे काय, या प्रश्नाचे उत्तर पदक देत नाही. ते समाजाला आणि शासनाला द्यावे लागते. तीन जगज्जेत्या खेळाडूंच्या चरित्रांवरून ही गोष्ट स्पष्ट होते.

हौशी नियमाचा फटका

अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू जेसी ओवेन्स यांनी २५ मे १९३५ रोजी अवघ्या पाऊण तासात तीन जागतिक उच्चांक मोडले आणि चौथ्याची बरोबरी केली. त्या दिवशीची त्यांची ८.१३ मीटरची लांब उडी १९६० पर्यंत अजिंक्य राहिली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्यांनी चार सुवर्णपदके जिंकली.

त्या काळी ऑलिंपिकमध्ये केवळ हौशी खेळाडूंनाच प्रवेश असे; खेळातून पैसा मिळविणारा अपात्र ठरे. बर्लिननंतरचा प्रदर्शनीय सामन्यांचा दौरा अर्धवट सोडून ओवेन्स मायदेशी परतले, तेव्हा तेथील क्रीडासंघटनेने त्यांना निलंबित केले. त्यांची कारकीर्द वयाच्या तेविसाव्या वर्षीच संपली. मोठ्या कमाईची जी आश्वासने मिळाली होती, तीही बव्हंशी हवेत विरली. पोटासाठी त्यांना घोड्यांशी शर्यती लावाव्या लागल्या. कपडे धुण्याचा व्यवसाय काढला, तोही बुडाला. पुढे परिस्थिती सुधारली. १९५५ मध्ये अमेरिकन सरकारचे सदिच्छा दूत म्हणून ते भारतातही येऊन गेले. अनेक वर्षे धूम्रपानाची सवय असलेल्या ओवेन्स यांचे ३१ मार्च १९८० रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने निधन झाले.

राजाश्रय मिळाला आणि गेला

चेकोस्लोव्हाकियाचे एमिल झाटोपेक हे पादत्राणांच्या कारखान्यातील कामगार. पुढे ते सैन्यात दाखल झाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरॅथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या. मॅरॅथॉन तर ते आयुष्यात प्रथमच धावत होते. त्याच सामन्यांत त्यांच्या पत्नी डाना यांनी भालाफेकीचे सुवर्णपदक मिळविले. सैन्यातील नोकरीमुळे झाटोपेक यांना चरितार्थाची चिंता नव्हती.

तथापि, १९६८ मध्ये त्यांनी देशातील उदारमतवादी सुधारणांना उघड पाठिंबा दिला. सोव्हिएत रणगाडे प्राग शहरात शिरल्यानंतर हे वारे फिरले. झाटोपेक यांना पक्षातून व सैन्यातून काढून टाकण्यात आले आणि जमिनीत छिद्रे घेणाऱ्या भूगर्भ-संशोधन पथकात मजुरी करण्याची पाळी त्यांच्यावर आली. राजवट बदलल्यावर १९९० मध्ये त्यांची प्रतिष्ठा त्यांना परत मिळाली. नोव्हेंबर २००० मध्ये त्यांचे निधन झाले.

अपघातानंतरही खेळाडूच

इथिओपियाच्या सम्राटांच्या अंगरक्षक दलातील शिपाई अबेबे बिकिला यांनी १९६० मध्ये रोम येथील मॅरॅथॉन अनवाणी धावून जिंकली. १९६४ मध्ये टोकियोला जाण्यापूर्वी काही आठवडे त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली होती; तरीही त्यांनी २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंदांत पुन्हा सुवर्णपदक मिळविले. लागोपाठ दोन ऑलिंपिक मॅरॅथॉन जिंकणारे ते पहिले धावपटू होत.

१९६९ मध्ये मोटार अपघातात त्यांच्या कमरेखालील भाग निकामी झाला. उपचारांसाठी त्यांना इंग्लंडमध्ये पाठविण्यात आले. तेथे अपंगांच्या स्पर्धेत, चाकांच्या खुर्चीत बसून, ते धनुर्विद्येच्या सामन्यात उतरले. २५ ऑक्टोबर १९७३ रोजी, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या अंत्ययात्रेस स्वतः सम्राट उपस्थित होते.

बोध

ओवेन्स यांना आधार देणारी व्यवस्थाच नव्हती. झाटोपेक यांचा आधार राज्यकर्त्यांच्या मर्जीवर अवलंबून होता, म्हणून तो एका रात्रीत नाहीसा झाला. बिकिला यांच्या पाठीशी मात्र देश संकटकाळीही उभा राहिला. आपल्याकडे मिल्खासिंग यांना प्रथम सैन्याने व नंतर पंजाब सरकारच्या क्रीडा खात्याने सेवेत सामावून घेतले. २०२१ मध्ये वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. महाराष्ट्रातही गुणवंत खेळाडूंसाठी शासकीय सेवेत ५ टक्के आरक्षणाची तरतूद करण्यात आली आहे. अशा तरतुदी म्हणजे खेळाडूंवरील मेहेरबानी नव्हे. ऐन उमेदीची वर्षे मैदानाला वाहणाऱ्या तरुणाला उद्याच्या भाकरीची निश्चिती असेल, तरच गरिबाघरची मुलेही निर्धास्तपणे धावपट्टीवर उतरू शकतील.