मोटारीचा परकायाप्रवेश

जीर्ण वस्त्र टाकून नवे परिधान करणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त गीतेने आत्म्याच्या देहान्तराला दिला आहे, व आपल्या घरांतून तो लहानपणापासून कानी पडत आलेला असतो. मोटारीच्या बाबतीत मात्र तो उलटा करून घ्यावा लागतो. येथे देह धडधाकट असतो, आसने शाबूत असतात, दारे नीट लागतात. जीर्ण होतो तो आतला प्राण. मग त्याच देहात दुसरा प्राण घालावा, की देहासह सर्वच त्यागून नवी गाडी दारात आणावी, हा प्रश्न नांदेड-लातुराकडील पुष्कळ घरांत आज ना उद्या उभा राहणारा आहे.

त्याचे कारणही उघड आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले. तोपर्यंत डिझेल पेट्रोलहून बरेच स्वस्त होते, आणि ज्या घरात माणसे पुष्कळ व प्रवास लांबचा, तेथे डिझेलची गाडी घेणे हाच शहाणपणा समजला जाई. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने लातूर गाठावयाचे म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. मुलगा किंवा पुतणी लातुरास शिकावयास, आत्याबाई उदगिरास, वडिलांचे औषधपाणी हैदराबादेस, कुलदैवत माहूर नाहीतर तुळजापूर! अशा घरची गाडी दहा-बारा वर्षांत दोन लाख किलोमीटर सहज फिरते. त्या काळच्या अनेक गाड्यांत फियाट कंपनीच्या मूळ रचनेचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन आहे. ते मारुतीच्या स्विफ्टमध्ये होते, टाटांच्या व्हिस्टामध्येही होते. एप्रिल २०२० पासून भारत-६ हे प्रदूषण-मानक लागू झाले, आणि मारुतीने डिझेल गाड्या करणेच सोडून दिले. म्हणून नवी गाडी घेऊ म्हटले, तरी जुनीसारखीच नवी मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

परंतु इंजिन गेले हे ठरवावयाचे कोणी? आमच्या मते अर्धी चूक येथेच होते. कारागीर धूर पाहतो, मान हलवतो आणि 'काम निघाले' म्हणून सांगतो. वास्तविक धुराचीही एक भाषा आहे. काळा धूर हा जादा इंधनाचा अथवा कोंडलेल्या हवेचा. त्याचा दोष पुष्कळदा इंजेक्टरात किंवा एअर फिल्टरमध्ये सापडतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. पण ते झिजलेल्या रिंगांतून येते की टर्बोच्या गळक्या सीलमधून, हे धूर सांगत नाही. केवळ टर्बो बिघडलेला असता संपूर्ण इंजिनास मृत्युपत्र लिहून देणे म्हणजे दाढ दुखते म्हणून मस्तक बदलण्यासारखे होय. गाडी तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर मात्र गंभीर. पाणी ज्वलनकक्षात शिरल्याची ती खूण आहे. याकरिता प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मापून घ्यावे, व चारही आकडे कागदावर लिहून मागावेत. एकच सिलिंडर उणा असेल तर रोग स्थानिक आहे. चारही सारखेच खालावले असतील तर वार्धक्य आले असे समजावे.

आपल्या प्रदेशात या वार्धक्याला एक खास कारण आहे, ते म्हणजे पाणी. बेसाल्ट खडकातून बोअरने उपसलेले आपले पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत व सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या वाटांतही बसतो. मग वैशाखात, पारा चाळिशीपार गेलेला असता, चढावर इंजिन तापते, हेड वाकते, गॅस्केट उडते. एप्रिल २०१६ मध्ये लातुरास मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा दिवसांत रेडिएटरसाठी शुद्ध पाणी विकत आणण्याचे कोणाच्या मनात येणार? तथापि नवे इंजिन बसवूनही त्यात बोअरचेच पाणी ओतावयाचे असेल, तर सर्व खर्च व्यर्थ आहे. कूलंट व डिस्टिल्ड वॉटर यांचा वर्षाचा खर्च एका गॅस्केटच्या कामापुढे क्षुल्लक होय.

इंजिन बदलणे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ॲम्बॅसडर गाडीचे उदाहरण घ्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत तिचा बाह्याकार फारसा पालटला नाही. पण आत १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन, नंतर डिझेल, नंतर इसुझूचे १८०० सी.सी.चे इंजिन, अशी स्थित्यंतरे खुद्द कारखान्यानेच केली. मालकही मागे राहिले नाहीत. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसविलेल्या ॲम्बॅसडर ज्यांनी पाहिल्या नाहीत, असे जुने वाचक विरळाच. त्या काळी नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, म्हणून देह टिकविण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज ती सक्ती नाही, म्हणूनच हिशेब करावा लागतो.

गॅरेजात तीन वाटा दाखविल्या जातात. पहिली 'हाफ इंजिन', म्हणजे साधारणतः हेड, व्हॉल्व्ह, रिंगा एवढ्यांचे काम. दुसरी 'फुल इंजिन': बोअर, पिस्टन, बेअरिंग, क्रँकची घासाई, सर्व काही. तिसरी म्हणजे दुसऱ्या गाडीतून काढलेले आयते इंजिन आणून बसविणे. या आयत्या इंजिनाचा मोह फार. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी येथील भंगारबाजार याकरिता प्रसिद्धच आहेत. काम दोन दिवसांत होते, खर्चही पुष्कळदा कमी. पण ते इंजिन किती फिरले आहे, कोणत्या अपघातातून आले, एवढेच नव्हे तर चोरीच्या गाडीतले तर नाही ना, हे कोण सांगणार? इंजिनावर क्रमांक कोरलेला असतो, व तोच नोंदणीपुस्तकात व विम्याच्या कागदात असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे इंजिन बदलल्याची खबर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास देणे मालकास बंधनकारक आहे. नांदेडची एम.एच. २६ असो वा लातूरची एम.एच. २४, गाडीचा हा जन्मदाखला दुरुस्त करून घेतल्यावाचून परकायाप्रवेश पुरा होत नाही. हे न केल्यास अपघातानंतर विमा कंपनीशी वाद उभा राहतो, आणि गाडी विकावयास काढली तर गिऱ्हाईक परत फिरते. म्हणून बिल व मूळ गाडीचे कागद हाती आल्याखेरीज आयत्या इंजिनाचे पैसे देऊ नयेत. घरच्याच इंजिनाचे फुल काम करविल्यास ब्लॉक व त्यावरील क्रमांक तोच राहतो, आणि ही दगदग वाचते. हा त्या वाटेचा मोठाच गुण आहे.

आता हिशेब. खालील आकडे केवळ कल्पित आहेत. वाचकांनी आपापले घालावेत. समजा, गाडी आहे तशी विकली तर ९० हजार रुपये येतात. इंजिनाचे काम ८० हजार. आणि क्लच, सस्पेन्शन, टायर यांचे ४० हजार. ही दुसरी रक्कम पुष्कळजण विसरतात. तरुण इंजिनाचा जोर म्हाताऱ्या क्लचला सोसत नाही. म्हणजे एकूण २ लाख १० हजार गुंतले. चार वर्षांनी गाडी ५० हजारांस गेली, तर वर्षास ४० हजार पडले. नवी गाडी ७ लाखांची घेऊन चार वर्षांनी ४ लाखांस विकली, तर वर्षास ७५ हजार. गुंतलेल्या सरासरी रकमेवर शेकडा ९ टक्के व्याज धरा : जुनीवर सुमारे १२ हजार, नवीवर सुमारे ५० हजार. तेव्हा वर्षाकाठी जुनी ५२ हजारांस व नवी सव्वा लाखास पडते. नवीला वाटखर्ची व दुरुस्ती कमी लागेल हे खरे, तसेच २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जी.एस.टी. १८ टक्क्यांवर आल्याने तिची किंमतही उतरली आहे. तरीही एवढी तफावत त्यातून भरून निघणे कठीण.

मग निकाल जुनीच्या बाजूने लागला म्हणावा काय? एवढ्यावर नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ५ वर्षांसाठी ती वाढविता येते. पण १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० वरून ५ हजार रुपये झाले आहे, व शिवाय पर्यावरण कर आहेच. तेराव्या-चौदाव्या वर्षी इंजिनावर लाखभर घालणारा मनुष्य तपासणीच्या उंबरठ्यावर खर्च करीत असतो, हे त्याने विसरू नये. पेट्रोलच्या गाडीची आणखी एक गोष्ट : एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलसाठी घडविलेल्या नाहीत, आणि हल्ली पंपावर मिळते ते तेच. आमच्या लातुरच्या उसाचाच हा प्रताप, तेव्हा तक्रार करावी तरी कोणाकडे! निदान इंजिन उघडलेच आहे तर इंधनाच्या रबरी नळ्या व सील नवे घालून घ्यावेत.

आणि सर्वांत जड पारडे निराळेच आहे. इंजिन बदलल्याने गाडी धावू लागते. ती सुरक्षित होत नाही. नव्या गाड्यांत ए.बी.एस. ब्रेक २०१९ पासून सक्तीचे झाले, चालकापुढची एअरबॅगही त्याच वर्षापासून. २०१२ सालच्या स्वस्त गाडीत दोन्ही नसण्याचाच संभव अधिक. नागपूरकडून तुळजापुराकडे जाणारा महामार्ग जेथे चौपदरी झाला आहे तेथे वेग वाढला, आणि त्याच रस्त्यावर अंधारात उसाच्या बैलगाड्या व दिवे नसलेल्या ट्रॉल्याही असतात. मागच्या आसनावर आजी आणि दोन नातवंडे बसणार असतील, तर वर्षाच्या सत्तर हजारांच्या बचतीकडे गृहिणी व गृहस्थ एकाच नजरेने पाहतील असे नाही. या वादात गृहिणीच्या मताला आम्ही अधिक वजन देऊ.

म्हणून आमचा कौल असा : गाडीत ए.बी.एस. व एअरबॅगा आहेत, पत्र्याला गंज नाही, नोंदणीची निदान पाच वर्षे शिल्लक आहेत, आणि रोग इंजिनापुरताच आहे, तर घरच्याच इंजिनाचे फुल काम करवावे. यांतील एखादी गोष्ट उणी असेल, विशेषतः पहिली, तर गावातल्या गावात फिरण्यापुरते हाफ काम करून घ्यावे व लांबच्या प्रवासासाठी दुसऱ्या गाडीची तजवीज करावी. जुनी अगदीच मोडीत काढावयाची झाल्यास ती अधिकृत भंगारकेंद्रातच द्यावी. तेथील प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सूट मिळू शकते, आणि जुन्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याने उद्या तिच्या नावाने भलत्याच कोणाच्या गुन्ह्याची नोटीस आपल्या दारी येत नाही. फुल काम झालेल्या गाडीस पहिले हजार किलोमीटर भरधाव हाकू नये, ओझे बेताचे घालावे, आणि त्यानंतरचे पहिले ऑइल अंमळ लवकरच बदलावे. काढलेले ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओतून पाहावे. त्यात धातूचा चकाकता कीस फार दिसला, तर गाडी घेऊन लातुरास निघण्याऐवजी प्रथम कारागिराकडे जावे.