प्लेगची लस

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एक भयंकर ताप फैलावू लागला. रोग्याला एकाएकी कडक ताप भरे, काखेत किंवा जांघेत गाठ उठे आणि बहुधा थोड्याच दिवसांत त्याचा अंत होई. डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी हा रोग ओळखला. तो प्लेग होता. पाहता पाहता रोग शहरभर पसरला. बाजार ओस पडले, आणि हजारो कुटुंबे घरांना कुलपे लावून गावाकडे निघाली. त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला. पुण्यास प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांना याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

प्लेगचे जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधून काढले होते. पण उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे हा रोग माणसांत येतो, ही गोष्ट अद्याप कोणास ठाऊक नव्हती. शत्रू दिसला होता, पण त्याची वाट दिसली नव्हती. अशा वेळी सरकारने एका परदेशी शास्त्रज्ञास मुंबईस पाचारण केले. त्यांचे नाव वॉल्देमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला. ते शहर त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशात आहे. हाफकिन ज्यू होते आणि त्यामुळे त्यांच्या देशात त्यांना प्राध्यापकपद मिळणे अशक्य होते. १८८९ साली ते पॅरिसला आले. तेथील पाश्चर संस्थेत त्यांना जागा मिळाली ती ग्रंथालयात! पण उरलेल्या वेळात त्यांनी जंतूंचा अभ्यास चालू ठेवला आणि १८९२ साली पटकीवर लस तयार केली. ती त्यांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढल्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले आणि कलकत्त्याच्या वस्त्यांतून व इतर ठिकाणी फिरून त्यांनी हजारो लोकांना ही लस टोचली.

मुंबईत हाफकिन यांना ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात थोडीशी जागा मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई, एवढाच काय तो परिवार! तेथे त्यांनी रात्रंदिवस काम आरंभिले.

लशीमागील कल्पना अशी आहे. रोगाचे जंतू शरीरात शिरले म्हणजे शरीर त्यांच्याशी झुंजते. ही झुंज एकदा झाली की त्या शत्रूशी कसे लढावे, हे शरीराच्या जणू ध्यानात राहते. मग हेच शिक्षण मेलेले जंतू टोचून देता येणार नाही काय? मेलेला जंतू रोग उत्पन्न करू शकत नाही, पण शरीराला त्याची ओळख मात्र पटते.

त्यासाठी जंतू विपुल प्रमाणात वाढविणे अवश्य होते. हाफकिन यांनी चंबूंत मांसरस भरून त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. या थेंबांच्या आधाराने जंतूंची वाढ खाली लोंबू लागे. गुहेच्या छतास चुनखडीचे सुळके लोंबतात, तशी ती दिसे. चंबू हलविला की ते सुळके तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली नवे वाढू लागत. पुरेशी वाढ झाल्यावर तो रस तापवून सारे जंतू मारीत. हीच प्लेगची लस.

जेमतेम तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी तिची मोठी मात्रा स्वतःस टोचून घेतली. त्यांना ताप भरला, अंग दुखू लागले. पण काही दिवसांत ते पूर्ववत झाले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेव्हा काही कैद्यांनी आपण होऊन लस टोचून घेतली, काहींनी घेतली नाही. सर्वांचे अन्न, पाणी व निवास सारखाच होता. भेद होता तो केवळ लशीचा. लस घेतलेल्यांत प्लेगचे रोगी फारच थोडे निघाले. लशीचा गुण अशा रीतीने सिद्ध झाला. पुढे आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेऊन लोकांची भीती घालविण्यास साहाय्य केले. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या राजभवनात प्लेगची प्रयोगशाळा उघडली गेली आणि तेथून लशीच्या कुप्या देशभर जाऊ लागल्या.

परंतु या यशावर लवकरच मोठे संकट ओढवले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच कुपीतील लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. त्या १९ घरांवर जो प्रसंग आला, त्याला सीमा नव्हती. लोकांचा लशीवरील विश्वास डळमळला. चौकशी समितीने ठरविले की, ही कुपी प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी. हाफकिन यांनी जंतुनाशासाठी कार्बॉलिक आम्लाऐवजी उष्णतेचा उपयोग सुरू केला होता. त्यावरही ठपका ठेवण्यात आला. त्यांचे पद गेले आणि ते हिंदुस्थान सोडून गेले.

पण खरे काय घडले होते? कुपीचे बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. चिमटा ज्योतीत धरून निर्दोष करावयास हवा होता. तो नुसता औषधी पाण्यात बुडवून पुन्हा वापरला गेला. शिवाय कुपीतील लस वापरण्यापूर्वी डॉक्टरांनी तिचा वास घेतला होता आणि तिला दुर्गंधी नव्हती. धनुर्वाताचे जंतू कुपीत कित्येक दिवस वाढत असते, तर तिला घाण वास आल्यावाचून राहता ना! अर्थात ते जंतू कुपी उघडतानाच आत शिरले असले पाहिजेत.

हा पुरावा तपासून अनेक शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांत अग्रणी होते हिवताप डासांमुळे पसरतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस. १९०७ सालच्या जुलै महिन्यात दहा नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या ‘टाइम्स’ या दैनिकात प्रसिद्ध झाले. अखेर हाफकिन दोषमुक्त ठरले. त्याच वर्षी ते कलकत्त्यास परत आले आणि १९१४ साली निवृत्त झाले. परंतु पाच वर्षे गेली ती गेलीच. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. १९६४ साली भारत सरकारने हाफकिन यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. मात्र मुलकोवालची ती कुपी विसरून चालणार नाही. एका चिमट्याकडे क्षणभर दुर्लक्ष झाले आणि १९ जीव गेले. पुरावा नीट न पाहता निर्णय दिला गेला आणि एका निरपराध माणसाची उमेदीची वर्षे गेली. लहानशा कामातील दक्षता आणि न्याय करतानाचा धीर, या दोन्ही गोष्टी विज्ञानाला बुद्धीइतक्याच आवश्यक आहेत.