मंजूर घरकुल आणि उभं घर

"सरकार घर बांधून देतंय, लोकांना तेही नीट घेता येईना." हिंगोली जिल्ह्यात घरकुलाचा विषय निघाला की हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून येतंच. त्यातली पहिली चूक 'बांधून देतंय' ही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सरकार एक वीटही रचत नाही, ठेकेदार नेमायला तर नियमानेच बंदी आहे. १९८५ साली इंदिरा आवास नावाने सुरू झालेल्या योजनेला २०१६ मध्ये हे रूप आलं. लाभार्थ्याच्या खात्यात हप्त्याहप्त्याने पैसे येतात. जागा त्याची, गवंडी त्यानेच शोधायचा, सिमेंट-गज त्यानेच आणायचे. रमाई आणि शबरी या राज्याच्या योजनांचा साचाही तोच.

मग दुसरा गैरसमज येतो: पैसे पुरेसे असतात, लोक उडवून टाकतात आणि घर जोत्यावर सोडून देतात. हिशेबच मांडू या. सपाट भागासाठी केंद्र आणि राज्याचं मिळून अनुदान १ लाख २० हजार, आणि ते २०१६ पासून तेवढंच आहे. घर किमान २६९ चौरस फुटांचं हवं. म्हणजे फुटाला जेमतेम ४४६ रुपये. शौचालयाचे १२ हजार वेगळे. रोजगार हमीतून ९० दिवसांची अकुशल मजुरी मिळते. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ती २८,०८० होते. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर जाहीर केली, पण त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी आहेत. सौरचे सोडून सगळं धरलं तरी फुटाला सव्वासातशेच्या आसपास. एवढ्यात स्लॅबसकट पक्कं घर करून द्या म्हणून कुठल्याही गवंड्याला विचारून पाहा.

त्यातही पहिला हप्ता १५ हजारांचा. पुढचा हप्ता काम पुढे सरकल्यावर, फोटो अपलोड झाल्यावर. म्हणजे आधी स्वतःचे घालायचे, मग सरकारचे मिळवायचे. ज्याच्याकडे घालायला आहे त्याचं घर लवकर होतं. ज्याच्यासाठी योजना आहे त्याच्याकडे नेमकं तेच नसतं.

वेळेचं गणित याहून बिकट आहे. पावसाळा सरला की बांधकामाचे दिवस सुरू होतात, आणि त्याच दिवसांत मुकादमाची उचल घेतलेलं जोडपं ऊसतोडीला निघून गेलेलं असतं. तांड्यांवर दिवाळीनंतर म्हातारी माणसं आणि कुलपं उरतात. रोजगार हमीच्या त्या ९० दिवसांची मजुरी हजेरीपटावर नाव लागलं तरच मिळणार. जो फडात कोयता चालवतोय त्याची हजेरी कोण लावणार? अर्धवट जोतं दिसलं की आळस म्हणण्याआधी एवढं बघायला हरकत नाही.

काळ्या जमिनीचा खर्च तर कुठल्याच तक्त्यात नसतो. सोयाबीन-हळदीला चांगली असणारी ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पायावरच्या भिंतीही तिच्याबरोबर हलतात. खोल खणून, काळी माती काढून मुरूम भरावा लागतो. अनुदानाचा मोठा वाटा जमिनीखालीच जातो, वर दिसतं ते थोडकं काम.

पक्क्या घराची गरज इथे निव्वळ हौस नाही. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले. जुलैतल्या धक्क्याचा केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ होता. मार्चच्या धक्क्यानंतर या भागातल्या लोकांना पत्र्यांवर ठेवलेले दगड काढायला सांगण्यात आलं. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून ठेवलेला दगड भूकंपात डोक्यात पडायचा!

'खेड्यात भाडं नसतं, म्हणजे घर परवडतंच' हाही एक समज. कॅनडात घराची मूलभूत गरज मोजताना तीन गोष्टी पाहतात: घर मोडकळीला आलंय का, माणसांच्या मानाने खोल्या कमी आहेत का, आणि खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून जास्त आहे का.  आपल्याकडे पात्रता ठरते ती मुख्यतः कच्च्या भिंती, कच्चं छप्पर आणि खोल्यांची संख्या यांवर. परवडण्याचा प्रश्न कागदावर येतच नाही, कारण इथे तो भाड्याच्या नाही, सावकाराच्या वहीत असतो.

जागेचंही तसंच. गाव मोकळं दिसतं, पण गावठाणात स्वतःच्या नावाची जागा प्रत्येकाकडे नसते. कित्येक घरं गायरानावर असतात. जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते, आधी ५० हजारांपर्यंत, आता १ लाखापर्यंत. पण मालक विकायला तयार हवा.

राहिली लाभार्थ्यांची यादी. 'दारात मोटारसायकल असली की नाव कटतं' हे आता खरं नाही. २०२४ मध्ये निकष बदलले. दुचाकी, फ्रिज वगळले, मासिक उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार झाली. पण पाच एकर किंवा जास्त जिरायत असेल तर अपात्र. सेनगावच्या माळावर पाच एकर कोरडवाहू पिकवणारा श्रीमंत कसा, हे मला कधी कळलं नाही. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५० हजार किंवा जास्त असली तरी नाव जातं. म्हणजे पीककर्ज मिळण्याची ऐपत हीच सुबत्तेची खूण.

नाव सरपंच घालतो किंवा काढतो, हेही अर्धंच खरं. यादी ग्रामसभेपुढे यावी लागते. म्हणून नाव कटलं तर तालुक्याला खेटे घालण्याआधी ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल मागावी. नाव कटण्याचं कारण त्यात लिहिलेलं असायला हवं, आणि ते पटलं नाही तर जिल्हा पातळीवरच्या अपील समितीकडे दाद मागता येते.