राष्ट्राध्यक्षांचा दयाधिकार : अमेरिकेतील अमली पदार्थांचे कैदी

आधार : अमेरिकी राज्यघटनेचे दुसरे कलम. अधिकार फक्त संघीय गुन्ह्यांपुरता. राज्याच्या कायद्याखालील कैद्याला राष्ट्राध्यक्ष सोडू शकत नाहीत.

माफी आणि शिक्षेत कपात : माफीने दोषसिद्धीमुळे गेलेले हक्क परत मिळण्याचा मार्ग खुला होतो. कपातीने तुरुंगवास घटतो, दोषसिद्धी मात्र कायम राहते.

मूळ दुखणे : १९८६चा कायदा. ५ ग्रॅम क्रॅक (कोकेनचाच एक प्रकार) असो वा ५०० ग्रॅम कोकेन पावडर, विक्रीच्या गुन्ह्याला किमान ५ वर्षे कैद. झळ प्रामुख्याने कृष्णवर्णीयांना. २०१०मध्ये १०० : १ हे प्रमाण १८ : १ वर आले, जुन्या कैद्यांना त्याचा लाभ मिळायला २०१८ उजाडले.

ओबामा : १,७१५ जणांच्या शिक्षेत कपात, बहुतेक अमली पदार्थांचे कैदी.

बायडेन : १७ जानेवारी २०२५, एका दिवसात सुमारे २,५०० जणांची शिक्षा कमी.