गाडी झोपते, उंदीर नाही

आजचा भाग छोटा आहे, पण माझ्या खिशाला चांगलाच झोंबलेला.

मी मिनेसोटात राहतो. मागच्या हिवाळ्यात गाडी गॅरेजमध्ये लावून दोन महिने नाशिकला गेलो. परत येऊन बघतो तर वायरी कुरतडलेल्या आणि एअर फिल्टरच्या डब्यात चक्क घरटं!

इथल्या छोट्या उंदराला आत शिरायला जेमतेम 6 मिलिमीटरची फट पुरते. बाहेर बर्फ, आत कोरडी अंधारी जागा. तो येणारच ना! मी पेपरमिंटचं तेल शिंपडून गेलो होतो. पण वास उडून जातो, फट तशीच राहते.

म्हणून यंदा फटी बंद केल्या. इंजिनात हवा घेणाऱ्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी, सायलेन्सरच्या तोंडात स्टील वूल. आणि स्टिअरिंगवर चिठ्ठी: 'आधी हे काढ, मग स्टार्ट कर!' गाडीतला खाऊ, टिश्यू सगळं बाहेर. सापळे चाकांजवळ, जमिनीवर. मित्र अधूनमधून बघून जातो. विष मात्र नको. उंदीर डॅशबोर्डमागे मेला, तर वास काढताना नाकी नऊ येतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लेंड्या दिसल्या तर झाडू किंवा व्हॅक्यूम मारू नका. इथल्या डिअर माउस जातीच्या उंदरांमुळे हंताव्हायरस होऊ शकतो; तो धुळीबरोबर श्वासातून जातो आणि जिवावर बेततो. दारं उघडून हवा खेळू द्या, हातमोजे घाला, जंतुनाशकाने भिजवा, मगच पुसा.

मागच्या वर्षी मी झाडूच मारला होता. वायरी बदलता आल्या. फुप्फुसं नसती आली.