ऐंशी हजारांचा फोन की पंचवीस हजारांचा? आधी वर्षांचा हिशेब करा

ईद जवळ आली, बारावीचा निकाल लागला किंवा घरात लग्न ठरलं की नव्या मोबाइलचा विषय हमखास निघतो. पोरगा म्हणतो, "घ्यायचा तर आयफोनच." अम्मी म्हणते, "पंचवीस हजारांत काय वाईट मिळतो?" अब्बू मात्र मनातल्या मनात महिन्याचा खर्च जुळवत असतात.

प्रश्न साधा आहे. तिप्पट पैसे मोजले तर फोन तिप्पट उपयोगी पडतो का? बहुतेक घरांसाठी उत्तर 'नाही' असंच आहे. काही जणांसाठी मात्र महाग फोन खरोखर परवडतो. आपण कोणत्या गटात बसतो, हे पाहू या.

जास्तीचे पैसे कशाला जातात?

आज वीस ते तीस हजारांच्या मिडरेंज फोनमध्ये चांगला अ‍ॅमोलेड स्क्रीन, ५जी आणि ५००० एमएएचच्या आसपासची बॅटरी सहज मिळते. व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, यूट्यूब, ऑनलाइन क्लास, परदेशातल्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल ही कामं हा फोन आणि ऐंशी हजारांचा फोन जवळपास सारखीच करतात.

फरक पडतो तो प्रोसेसर, कॅमेरा आणि बांधणीत. महाग फोनवर जड गेम आणि व्हिडिओ एडिटिंग सुरळीत चालतं. कॅमेऱ्याचा सेन्सर सहसा मोठा असतो, त्यामुळे रात्रीचे फोटो आणि हलत्या माणसांचे व्हिडिओ चांगले येतात. लांबचं जवळ दिसावं म्हणून वेगळी टेलिफोटो लेन्स असते, पण तीही प्रत्येक महाग मॉडेलमध्ये नसते.

मेगापिक्सेलच्या आकड्याला मात्र भुलू नका. मोठा आकडा म्हणजे मोठा सेन्सर नव्हे. आणि मागे तीन-चार कॅमेरे दिसले तरी त्यातला २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा अनेकदा फक्त संख्या वाढवायला दिलेला असतो.

'आयपी ६८' लिहिलेला फोन ठरावीक खोलीपर्यंत आणि ठरावीक वेळ पाणी सहन करतो. पण पाणी शिरून फोन बिघडला तर ते नुकसान साध्या वॉरंटीत सहसा धरत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

खरा प्रश्न: फोन किती वर्षं सुरक्षित राहणार?

आज आपलं बँक खातं, आधार, डिजिलॉकर सगळं फोनमध्येच आहे. म्हणून कंपनी सिक्युरिटी अपडेट किती वर्षं देणार, हे कॅमेऱ्याच्या आधी विचारा. अपडेट बंद झालेला फोन चालत राहतो, पण नव्या सापडलेल्या त्रुटी त्यात तशाच राहतात.

पूर्वी इथे महाग फोन सरळ पुढे होते. २०१८ मध्ये आलेल्या आयफोन एक्सआरला २०२४ चं आयओएस १८ मिळालं. सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ साठी ७ वर्षांचं वचन दिलं. पण त्याच वर्षी भारतात १८,९९९ रुपयांपासून आलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जी ला त्याच कंपनीने ६ वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं. म्हणजे जास्त वर्षं हवीत तर महागच घ्यावा लागतो, हे आता खरं नाही. मात्र प्रत्येक स्वस्त फोनला इतकी वर्षं मिळत नाहीत. मॉडेलचं नाव घेऊन विचारा.

आता हिशेब. ८० हजारांचा फोन ६ वर्षं वापरला तर वर्षाला सुमारे १३,३०० रुपये पडतात. २५ हजारांचा ४ वर्षं वापरला तर ६,२५०. महाग फोन शेवटी २० हजारांना विकला गेला असं धरलं, तरी वर्षाचे १० हजार होतात. आणि तोच फोन तीन वर्षांत बदलायची सवय असेल, तर हा सौदा तोट्याचाच.

'नो कॉस्ट' हप्त्यात व्याज असतं का?

आपल्यातली अनेक कुटुंबं व्याजापासून लांब राहतात, म्हणून हे नीट समजून घ्या. क्रेडिट कार्डावरच्या 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये बँक सहसा व्याज लावतेच. तेवढीच रक्कम विक्रेता किंवा कंपनी सवलत म्हणून कमी करते. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र ग्राहकाकडूनच जाते.

उदाहरणार्थ, ८० हजारांचा फोन १२ हप्त्यांत आणि व्याजाचा दर १५ टक्के धरला, तर व्याज सुमारे ६,१०० आणि त्यावरचा जीएसटी सुमारे १,१०० रुपये होतो. शिवाय रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हातची जाऊ शकते. रिझर्व्ह बँकेनेही २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. शरीयतच्या दृष्टीने शंका असेल तर कागद दाखवून जाणकार उलमांना विचारा. 'नो कॉस्ट' या शब्दावर विसंबू नका.

घेण्याआधी एवढं तपासा

- सिक्युरिटी अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार?
- सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात किंवा तालुक्यात आहे का? स्क्रीन आणि बॅटरी बदलायला किती खर्च येतो?
- किब्ला दाखवणारं अ‍ॅप वापरत असाल, तर फोनमध्ये कंपास सेन्सर आहे का? काही स्वस्त मॉडेलमध्ये तो नसतो आणि मग दिशा बरोबर दाखवली जात नाही.
- आखातातून फोन मागवत असाल, तर त्याची वॉरंटी भारतात चालेल का?
- जुना फोन घेत असाल, तर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक काढा. केवायएम लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. केवायएम ही अक्षरं इंग्रजीत लिहा. फोन काळ्या यादीत आहे का, ते कळतं.

मग महाग फोन कोणी घ्यावा?

लग्नाचं शूटिंग, रील किंवा दुकानाच्या मालाचे फोटो यांवर ज्याची कमाई चालते, जो फोन पाच-सहा वर्षं जपून वापरतो आणि ज्याच्याकडे घरखर्च भागवून रोख पैसे शिल्लक आहेत, त्याने जरूर घ्यावा. त्याच्यासाठी ते कामाचं हत्यार आहे.

बाकीच्यांनी ८० हजारांत आणखी काय होतं, तेही पाहावं. २५ हजारांचा चांगला फोन घेतला तर ५५ हजार उरतात. तेवढ्यात कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी बऱ्यापैकी लॅपटॉप येतो. अनेक घरांत भावाच्या हातात महागडा फोन असतो आणि बहीण अम्मीच्या जुन्या फोनवर अभ्यास करते. पैसा घरातल्या सगळ्यांचा असतो, तर फोनचा निर्णयही सगळ्यांनी मिळून घ्यावा.