खारफुटी पुराला कशी अडवते?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. शहरात चारशेहून अधिक बळी गेले. त्या दुपारी समुद्राला भरती होती. त्यामुळे माहीमच्या खाडीला मिळणाऱ्या मिठी नदीचे पाणी तुंबले आणि कुर्ला, कलिना परिसरातील वस्त्या बुडाल्या. या पुरानंतर खाडीकाठच्या पाणथळ जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आला.

तिवर आणि कांदळ ही खारफुटीची झाडे भरती-ओहोटीच्या चिखलात वाढतात. तिवराची श्वसनमुळे जमिनीतून पेन्सिलीसारखी वर येतात, तर कांदळाची मुळे कमानीसारखी खोडाला आधार देतात. या जाळ्यातून जाताना लाटेचा जोर ओसरतो. प्रवाह मंदावताच पाण्यातील गाळ खाली बसतो आणि किनाऱ्याची धूप कमी होते. दुसरे काम साठवणुकीचे. भरतीमुळे नदीला वाट मिळत नाही, तेव्हा पाणी या सखल जमिनीवर पसरते व ओहोटीबरोबर परत जाते. तेथे भराव पडला, तर तेच पाणी घरांत शिरते. मिठीच्या मुखाजवळचे वांद्रे-कुर्ला संकुल अशाच दलदलीवर भराव घालून उभारलेले आहे.

अर्थात, खारफुटी शाबूत असती तर २००५ चा पूर आलाच नसता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. इतका पाऊस कोणतेही जंगल पूर्णपणे पेलू शकत नाही. चक्रीवादळातील उधाणापुढे मात्र तिचा उपयोग आकड्यांत मोजला गेला आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यात, ज्या गावांपुढे खारफुटीचा रुंद पट्टा होता तेथे मृत्यू कमी झाले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. वेळीच मिळालेल्या इशाऱ्याने त्याहूनही अधिक प्राण वाचवले, हेही त्याच अभ्यासाने नमूद केले.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यात खारफुटीची तोड आणि तेथे राडारोडा टाकणे यांस मनाई केली. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात खारफुटीच्या नाशाची सांगड जगण्याच्या मूलभूत हक्काशी घालण्यात आली. राज्याच्या वन विभागात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. तरीही देखरेख अवघडच आहे, कारण खारफुटी मारण्यासाठी कुऱ्हाड लागतेच असे नाही. एखादा बांध घालून भरतीचे पाणी तोडले, की झाडे हळूहळू वाळून जातात.